पूजेला बसलेलं यंत्र

संगणक आला आणि शाळेत चपला काढायची आणखी एक जागा झाली.

साल पंच्याऐंशी. दिल्लीच्या कुठल्याशा योजनेतून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या शाळेला एक कळफलक, टीव्हीसारखा एक पडदा आणि कॅसेट वाजवायचा टेप मिळाला. मुख्याध्यापक त्र्यंबकराव हुपरीकरांनी जुनी प्रयोगशाळा रंगवून घेतली, खिडक्यांना हिरवे पडदे लावले, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. सोबत खेळाची एक कॅसेट आली होती. ती लावली की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज बराच वेळ चाले आणि मग पडद्यावर तळं उगवे. तळ्यात दगड, काठावर बेडूक. गणित येई. उत्तर बरोबर, तर बेडूक पुढच्या दगडावर. चूक, तर पाण्यात. खेळता खेळता पोरांचे पाढे पक्के व्हावेत, असा हिशेब. हिशेब चांगलाच होता.

पण खेळायचं कुणी?

आठवी ड ला गणित शिकवणाऱ्या नंदिनी कित्तूरकरचं डोकं रोज याच दारापाशी फिरे. अ तुकडीतली डॉक्टर-वकिलांची मुलं कळा दाबायची. ड तुकडी, म्हणजे वडणगे, शिये, केर्ली इथून एस्टीने येणारी पोरं, हात मागे बांधून भिंतीला टेकून बघायची. तेही कधीतरी. विचारायला गेली तेव्हा हुपरीकर म्हणाले, त्या पोरांच्या हाताला शेणमाती असते, कळा चिकटतात.

"हात धुता येतात, सर."

"तुम्हाला राग फार लवकर येतो, बाई. लग्न करून टाका."

तिच्या हातातला खडू मोडला.

७ × ८ =

ड मध्ये अंबू चौगुले होती. पाटीवर एकटीला गणित दिलं तर बिनचूक सोडवायची. वर्गात उभी केली की ओठ मिटायचे. ते कसे मिटले हे नंदिनीला ठाऊक होतं. पाचवीपासून पाढा चुकला की हुपरीकरांची छडी तळव्यावर पडत आली होती. अंबू उत्तर द्यायच्या आधीच तळवा पुढे करायची.

तिचा बाप कृष्णात एकदा शाळेत येऊन सांगून गेला. सहामाहीला पोरगी गणितात गेली तर शाळा बंद. एक वर्ष शेतात, पुढच्या वर्षी उजवून टाकायची. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फुकटचा खर्च नको होता, एवढंच. मागे दारात अंबूची आई झुंबरबाई उभी होती. नवरा पुढे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "तेवढं एक बघा की, बाई."

"बघते," नंदिनी म्हणाली.

खंडेनवमीला शाळेत पूजा झाली. कोल्हापुरात त्या दिवशी विळ्यापासून वजनकाट्यापर्यंत सगळं पुजतात. हुपरीकरांनी संगणक मांडला. पडद्याला हळदकुंकू, कळफलकावर झेंडूचा हार, समोर नारळ. अ तुकडीने आरती म्हटली. ड तुकडीला दाराबाहेर खोबरं वाटलं. मग सर घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत कुणी आत जायचं नाही म्हणून किल्ली शिपाई केरबाकडे राहिली.

एस्टीला वेळ होता. ड ची पोरं पटांगणात खोबरं चघळत बसली होती. त्यांच्याकडे बघता बघता नंदिनीच्या मस्तकात काहीतरी तडकलं. सहामाही तोंडावर आलेली. यंत्र कशासाठी आलं? पुजायला? तिने किल्ली मागितली.

केरबा जागचा हलेना.

"पुजंला बसलंय ते, बाई. आज त्येला कामाला लावायचं न्हाय."

"यंत्र आहे ते केरबा, बैल नाही."

"बैलाला तर त्येच्या पुजंदिशी कासरासुदिक लावत न्हाय आमी," तो म्हणाला. पण बाईंचा चेहरा बघून त्याने किल्ली दिली आणि स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबला.

पोरांनी नळावर हात धुतले. नंदिनीने हार उचलून बाजूला ठेवला. कॅसेट किंचाळली, तळं उगवलं. नाव विचारलं गेलं. अंबूने एका बोटाने चार इंग्रजी अक्षरं शोधून दाबली.

पहिलं उत्तर चुकलं. अंबूने तळवा पुढे केला.

बेडूक पाण्यात पडला नाही. दगडावर बसून राहिला. प्रश्न तसाच उभा, शेजारी लुकलुकणारी पांढरी रेघ. ती रेघ घाईत नव्हती. नंदिनीला बरं वाटलं. हिला कुणीतरी थांबून वाट बघणारं हवंच होतं. अंबूने हात मागे घेतला, पुन्हा आकडा दाबला. बेडूक पुढे गेला. पुन्हा. पुन्हा. तिच्या ओठांचा मिटलेला पीळ सुटला आणि ती हसली. पोरं टाळ्या पिटू लागली.

मग लाइट गेली.

पंखा थांबला. समोरच्या दुकानातला रेडिओ थांबला. पेठ गप्प झाली.

पडदा चालू होता.

स्टॅबिलायझरमध्ये थोडा करंट राहिला असेल, असं नंदिनीने मनाशी म्हटलं. विज्ञानाची पदवी होती तिच्याकडे. थोडा राहतो. ती थांबली. बेडूक दगडामागून दगड ओलांडत होता, आणि पलीकडचा काठ काही येत नव्हता. तिने भिंतीतला प्लग उपटला. तारेचं टोक तिच्या हातात लोंबत राहिलं.

अंबू खेळतच होती. तिची बोटं आता कळा शोधत नव्हती.

नंदिनी पडद्याच्या जवळ गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की अंबू उत्तर आधी दाबते आहे.

५६ =

आणि प्रश्न त्यानंतर उमटतो आहे.

७ × ८

तिने अंबूचा हात धरून ओढला. तेव्हा पडदा विझला. दारात केरबा नव्हता. तो पटांगणाच्या पार टोकाला, पाठमोरा उभा होता.

सहामाहीला अंबूला गणितात पैकीच्या पैकी पडले.

हुपरीकरांनी कॉपीचा आरोप केला. नंदिनी त्यांच्या टेबलावर हात आपटून म्हणाली, बोलवा तिला, घ्या परीक्षा, पण छडी बाहेर ठेवा. अंबू आली. सरांनी तोंड उघडलं.

"एक्याण्णव," अंबू म्हणाली.

सरांनी तेरा साते विचारायचं ठरवलं होतं. ते त्यांनी नंतर सांगितलं, हसत, खूष होऊन. कारण तोवर त्यांना यातला फायदा कळला होता. ज्या पोरीला त्यांनी कळांना हात लावू दिला नव्हता, तिला नव्या गणवेशात त्यांनी पाहुण्यांपुढे उभी करायला सुरुवात केली. शिक्षण खात्याचे साहेब आले, वार्ताहर आला, फोटो निघाला. संगणक प्रकल्पाचं यश. ग्रामीण कन्या. साहेबांनी कौतुकाने तिचं नाव विचारलं.

अंबू त्यांच्याकडे बघत राहिली. पापणी न हलवता.

"लाजते," सर म्हणाले. "आकडा विचारा, साहेब."

साहेबांनी आकडा विचारला. अंबूने उत्तर दिलं. सगळे हसले.

नंदिनीला त्या क्षणी ते हिरवे पडदे टराटरा फाडावेसे वाटले. पाहुणे गेल्यावर ती सरांना म्हणाली, पोरीचं काहीतरी बिनसलंय, डॉक्टरला दाखवा, या खोलीला आता खरंच कुलूप घाला. सर म्हणाले, पुण्याहून खात्याची तपासणी यायची आहे, ती होऊन जाऊ दे. त्यांनी बोलताना तिच्याकडे बघितलंही नाही.

दिवाळीची सुट्टी संपली. अंबू आली नाही.

सरांनी निरोपावर निरोप धाडले; तपासणी जवळ आली होती. नंदिनी कुणाचा निरोप न नेता स्वतःच गेली. वडणग्याच्या एस्टीत बसून ती वाटभर स्वतःशी भांडत होती. पोरगी पास झाली होती. बापाने शब्द पाळला होता, शाळा बंद केली नव्हती. जे मागितलं ते सगळं मिळालं होतं.

कृष्णात अंगणात बसला होता. उठला नाही, या म्हणाला नाही. आत बघा, अशी नुसती मान हलवली.

अंबू चुलीपाशी पाटावर बसली होती. वेणी घातलेली, अंगावर शाळेचा नवा गणवेश. सुट्टीभरात तिची गालफडं बसली होती.

"अंबू, मी आले बघ."

काही नाही.

"अंबू, बाळा."

डोळे उघडे होते. ते वाट बघत होते. घाईत नव्हते.

झुंबरबाई ताट घेऊन आली. तिने बाईंना बसायला पोतं टाकलं आणि लेकीसमोर मांडी घातली. भाकरी कुस्करून घास केला.

"बे एकं," झुंबरबाई म्हणाली.

"बे," अंबू म्हणाली. तोंड उघडं राहिलं. आईने घास भरवला.

"बे दुनं."

"चार."

घास.

घरात दुसरा आवाज नव्हता. बे दाहेला वीस झाले आणि ताटात निम्म्याहून जास्त भाकरी उरली. झुंबरबाईने पुन्हा बे एकंपासून सुरू केलं. अंबूचे ओठ मिटलेले राहिले.

"एकदा झालेलं त्या दिशी परत घेत न्हाय," झुंबरबाई म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. ते संपून गेलं असावं. "आन् मला तेवढाच येतुया. शेजारच्या पोरास्नी इचारलं, तर ती हिला बघून पळत्यात."

तिने घास पुन्हा ताटात ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि पाठ ताठ करून बाईंकडे तोंड करून बसली, वर्गात बसतात तशी.

"तीनचा सांगा की, बाई. रातच्याला लागंल."