यंत्र बंद असताना

डॉक्टरांनी शुभदाच्या पाठीला नळी लावली, दोन वेळा खोकायला सांगितले आणि श्रीपाद टिपणिसांकडे वळून म्हणाले, "मास्तर, धूळ आणि मांजर. दोन्ही घरातून काढा."

नऊ वर्षांची शुभदा तोवर सदरा घालत होती. मांजर शब्द ऐकताच तिने गुंडी लावायची थांबवली.

ठाण्यात नौपाड्याला टिपणिसांचे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी एवढे बिऱ्हाड होते. श्रीपाद हायस्कुलात शास्त्र शिकवीत. शुभदाला दीड वर्षापासून दमा होता आणि तो नेमका दिवेलागणीला यायचा. देवापुढे निरांजन लागले की ती परवचा म्हणायला बसे. दोनपासून दहापर्यंतचे पाढे खणखणीत, अकराला आवाज बारीक, आणि बाराचा पाढा अर्धा झाला की छातीतून शिटी वाजायला लागायची. मग पाठीशी उशा, गरम पाणी आणि श्रीपादांच्या हातातले घड्याळ. मिनिटाला किती श्वास होतात ते मोजायला डॉक्टरांनीच शिकवले होते. एरवी वीस, दमा लागला की चौतीस. त्या वेळी ठिपकी, म्हणजे त्यांची तिरंगी मांजर, शुभदाच्या पायांशी बसे आणि तिच्या छातीकडे एकटक पाहत राही. छाती वर गेली की मांजरीची मान वर, छाती खाली गेली की मान खाली.

मांजर काढायचे ठरले त्या दिवशी शुभदा जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"अहो, पोरगी दम्यानं नाही, उपासानं जाईल," शुभदाची आई वासंती म्हणाली. "काहीतरी करा."

श्रीपादांनी केले ते असे. एका रविवारी ते कल्याणला गेले. तिथे पंढरी नावाच्या माणसाचे जुन्या सामानाचे दुकान होते. रेल्वेतले साहेब विलायतेला परतले तेव्हाचे पुष्कळ सामान त्याच्याकडे पडून होते. एका कोपऱ्यात लहान मुलाची सायकल, लाकडी डुलता घोडा, कठड्याची छोटी खाट आणि त्यांच्या मधोमध, लोकरीच्या चिमुकल्या पांघरुणात गुंडाळलेला व्हॅक्युम क्लीनर होता. काळ्या पत्र्याचा गोल डबा, एका अंगाला लांब नळी, दुसऱ्या अंगाला राखी कापडाची पिशवी.

"मधे एकदा बंद पडलेला," पंढरी म्हणाला. "त्याच आठवड्यात साहेबानं बिऱ्हाड आवरलं. सगळं सामान एकदमच दिलं आमाला, पोराचं पण, भाव पण नाय केला. मी मोटर नवीन भरून घेतलीय. बिनघोर न्या."

केरसुणीने धूळ उडते, या यंत्राने ती पिशवीत जाते. मांजरीचे केसही जातात. श्रीपादांनी घरी जाहीर केले की चार रविवार हा प्रयोग करायचा. दमा कमी झाला तर ठिपकी राहील, नाही तर ती गोदाबरोबर कळव्याला जाईल. गोदा त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येई. तिचा नवरा धाकू मिठागरावर होता आणि त्यांच्या दारात मांजरे भरपूर होती.

"म्हणजे नक्की राहील ना, भाऊ?" शुभदाने वडिलांना विचारले.

"नक्की असं आधी म्हणायचं नाही. आधी पाहायचं." त्यांनी तिला एक कोरी वही दिली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिले 'पाहिले', उजवीकडे 'वाटले'. "डोळ्यांना दिसलं ते इकडे. मनात आलं ते तिकडे. दोघांची गल्लत करायची नाही, एवढं जमलं की अर्धं शास्त्र आलं."

शुभदाने यंत्राचे नाव हत्ती ठेवले आणि नळीचे सोंड.

पहिल्या रविवारी श्रीपाद स्टुलावर चढले. दिव्याचा गोळा काढून त्यांनी होल्डरला वायर जोडली. "आता बघ हं. एवढा मोठा आवाज झाला की ठिपकी धूम ठोकेल. 'वाटले'मध्ये लिहून ठेव."

खटका दाबताच घर दणाणले. पिशवी टम्म फुगली. शेजारच्या गंगुबाई कानांवर हात ठेवून दारात आल्या. ठिपकी मात्र खिडकीत बसून पंजा चाटत राहिली. सोंड तिच्या शेपटीजवळून गेली तेव्हा तिने शेपूट तेवढी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"मास्तर, तुमचं मांजर बहिरं आहे हो!" गंगुबाई ओरडल्या.

काम संपले. श्रीपादांनी खटका दाबला. मोटर हळूहळू निवली, पिशवी खाली बसली, खोलीत शांतता झाली.

आणि ठिपकीच्या पाठीची कमान झाली. शेपटीचा कुंचा झाला. ती यंत्राकडे पाहत पोटातून गुरगुरली आणि एका उडीत फळीवर, पाटांच्या चवडीमागे जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत ती उतरली नाही.

शुभदाने वहीत लिहिले, "यंत्र चालू. ठिपकी शांत. यंत्र बंद. ठिपकी घाबरली." मग पेन्सिल तोंडात धरून विचारले, "भाऊ, असं उलटं कसं?"

"मांजराला आपल्यापेक्षा बारीक आवाज ऐकू येतो. मोटर निवताना तसा काही आवाज होत असेल. हे 'वाटले'मध्ये घाल."

त्या संध्याकाळी परवचा बाराच्या पाढ्याशी अडली नाही. तेरा झाला, पंधरा झाला. एकोणिसाशी शुभदा जीभ चावून हसली, कारण तिला तो येतच नव्हता. आजवर तिथपर्यंत जायची वेळच आली नव्हती. वासंती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसून राहिली.

सोमवारी दमा आला नाही. मंगळवारी नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. यंत्र मधल्या खोलीत टेबलाखाली, आपल्या लोकरीच्या पांघरुणात असे. शुभदा गल्लीत लंगडी खेळू लागली. चार रविवार पुरे व्हायच्या आतच ठिपकी राहणार हे ठरून गेले.

फक्त ठिपकीने मधली खोली सोडली. पडवीतून पुढच्या दारी यायचे तर ती घराला वळसा घालून, गंगुबाईंच्या अंगणातून येई. दिवेलागणीला मात्र ती आपणहून मधल्या खोलीच्या दाराशी येऊन बसे.

हे पहिल्यांदा पाहिले गोदाने.

"मास्तर, हिकडं या जरा. ही मांजर बगा कशी बसलीय."

ठिपकी उंबऱ्याबाहेर बसली होती. अंगावरचे केस उभे. डोळे टेबलाखाली. तिची मान हळूच वर जात होती, खाली येत होती. वर, खाली.

"बायच्या पायाशी बसायची ना, तशीच," गोदा म्हणाली. "आता हत्तीला बगते. जितं जनावर समोर असल्यावानी."

"त्यात पत्रा आणि तांब्याची तार आहे, गोदा. भांडी झाली का?"

"भांडी झाली. मी आपलं दिसलं ते सांगितलं." गोदाने पदराला हात पुसले. "तुमीच सांगता ना बायला, दिसल ते सांगाचं?"

आत शुभदा सतराचा पाढा म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रीपादांनी खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. यंत्राची वायर गुंडाळलेली होती. त्यांनी पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापली, सोंडेच्या तोंडावर चिकटवली आणि ती मोकळी लोंबू दिली. वाऱ्याची झुळूक कुठून येते ते मुलांना ते वर्गात असेच दाखवीत. मग ते दोन हात लांब, श्वास रोखून बसले.

पट्टी स्थिर होती.

स्वयंपाकघरातून परवचा सुरू झाली. नऊ, दहा, अकरा. बाराचा पाढा अर्ध्यावर आला तेव्हा पट्टी आत ओढली गेली आणि सोंडेच्या तोंडाला चिकटली. मग सुटली. पुन्हा चिकटली.

श्रीपादांनी घड्याळ काढले आणि मोजले.

मिनिटाला चौतीस.

त्यांनी पुन्हा मोजले. मग पांघरूण बाजूला करून पिशवीवर तळहात ठेवला. पिशवी त्यांच्या हाताखाली वर आली, थांबली, आणि ओढून घेतल्यासारखी खाली गेली. आत कुठेतरी बारीक शिटी वाजत होती. ती शिटी त्यांच्या ओळखीची होती. दीड वर्ष ते रोज ती ऐकत आले होते.

वही टेबलावरच होती. 'पाहिले'खाली त्यांनी तारीख घातली. मग वही मिटून ठेवली.

त्या आठवड्यात त्यांनी वासंतीला सांगितले की यंत्राला कळव्याला एक गिऱ्हाईक आहे.

"विकता कशाला? पोरीला उतार पडलाय ना त्यानं?"

"आता गरज नाही."

बुधवारी दुपारी धाकू हातगाडी घेऊन आला आणि यंत्र घेऊन गेला. शाळेला सुट्टी होती. शुभदा पडवीत सागरगोटे खेळत होती. श्रीपाद वर्तमानपत्र वाचत बसले. पाऊण तासाने गोट्यांचा आवाज थांबला.

"भाऊ," शुभदा म्हणाली, आणि पुढचा शब्द तिला काढता आला नाही. ओठ निळसर झाले होते. दिवेलागणीला अजून दोन तास होते.

श्रीपादांनी गंगुबाईंच्या मुलाची सायकल घेतली. धाकू कळव्याच्या पुलावर, खाडीच्या मध्यावर गाडी थांबवून विडी ओढत होता. ओहोटीचा चिखल उघडा पडला होता.

"काय झालं मास्तर? काय राहिलं का?"

"गाडी फिरव."

"अवो, पन गिऱ्हाईक…"

"फिरव म्हणतो ना!"

धाकूने मास्तरांचा आवाज असा चढलेला कधी ऐकला नव्हता. त्याने विडी टाकली. परत येईपर्यंत श्रीपाद एका हाताने सायकल धरून, दुसरा गाडीला लावून चालले. पांघरुणाखाली काही हलत होते का, हे त्यांनी पाहिले नाही. घरी पोहोचले तेव्हा शुभदा उशांना टेकून बसली होती आणि वासंती तिला पाणी पाजत होती.

"आत्ताच उतरला बघा," वासंती म्हणाली. "गिऱ्हाईक?"

"आलं नाही."

त्यानंतर श्रीपादांनी यंत्राला कोणी हात लावायचा नाही असे बजावले. का, ते सांगितले नाही. रविवारी ते स्वतः झाडलोट करीत, मोटरीत दोन थेंब तेल घालीत आणि आपल्या हाताने पांघरूण घालीत. यंत्र चालू असेतो ठिपकी शांत असे. वासंतीला नवऱ्याच्या या नव्या टापटिपीचे हसू येई. "माझ्या शिवणयंत्राला कधी तेल घातलं नाहीत ते!" शुभदाची वही अठरा पानांपर्यंत भरली. डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर दमा असा जातो कधी कधी.

फाल्गुन संपत आला. पाडव्याच्या आदल्या दिवशी श्रीपाद शाळेतून जरा उशिरा निघाले. कोपऱ्यावर साखरेच्या गाठ्या घेतल्या. घरी आले तेव्हा अंगणभर साबणाचा वास होता. तारांवर चादरी, पडदे, उशांचे अभ्रे वाळत होते. शेवटी लोकरीचे चिमुकले पांघरूण होते आणि त्याच्या शेजारी, उलटी करून टांगलेली राखी पिशवी.

"रागावू नका हं," वासंती म्हणाली. "पाडव्याला घरात मळकं कापड ठेवायचं नाही, माहीत आहे ना? उकळत्या पाण्यात घालून मीच धुतली. केवढा काळा गाळ निघाला त्यातून, तीन पाणी बदलली!"

"केव्हा धुतलीस?"

"दुपारी. का? वाळली सुद्धा ती. असं काय बघताय?"

"शुभदा कुठे आहे?"

"आत. परवचा म्हणतेय."

आतून सातचा पाढा येत होता. आवाज स्वच्छ होता. श्रीपादांनी गाठ्यांची पुडी उंबऱ्यावर ठेवली, पिशवी तारेवरून काढली आणि मधल्या खोलीत नेली. तिचा पट्टा बसवायला वेळ लागला. आठ झाला. नऊ झाला. कागदाची जुनी पट्टी सोंडेला चिकटलेली होती. तिच्यासमोर ते जमिनीवर बसले.

दहा. अकरा. बारा.

पट्टी सरळ लोंबत होती.

बाराचा पाढा पुरा झाला. पट्टी हलली नाही. श्रीपादांनी पिशवीवर हात ठेवला. कापड थंड होते आणि त्याला साबणाचा वास येत होता.

मागे पावलांचा आवाज झाला नाही, तरी त्यांनी वळून पाहिले. ठिपकी आली होती. गंगुबाईंच्या अंगणातून नव्हे, सरळ स्वयंपाकघरातून, उंबरा ओलांडून. तिने यंत्र हुंगले. पत्र्यावर गाल घासला. मग ती वर चढली, पिशवीवर चारदा गोल फिरली आणि अंगाचे वेटोळे करून डोळे मिटले.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर," आतून आवाज आला. "तेरा साते एक्क्याण्णव. तेरा आठे…"

श्रीपाद पुढच्या आकड्याची वाट पाहू लागले.

खोलीत फक्त ठिपकीची घुरघुर ऐकू येत होती.