तीस दिवसांची गॅरंटी

"तो डबा माझा आहे," मी म्हणाले.

टेम्पोच्या फळीवर एक पाय टेकवून उभा असलेला मुलगा वळला. त्याच्या हातात आमच्या ऑफिसातला छोटा कॉम्प्युटर होता, जाडजूड डिक्शनरीएवढा. तसले अकरा त्यानं आधीच टेम्पोत रचले होते.

"मॅडम, पूर्ण लॉट घेतलाय मी. पावती माझ्या नावावर आहे."

"त्याच्यावरचं हिरवं स्टिकर बघा."

त्यानं डबा उलटा केला. "आहे. म्हणजे काय?"

"म्हणजे पास. पिंपळगावच्या कुठल्याही पॅकहाऊसमध्ये विचारा. हिरवं स्टिकर लागलेली पेटी दुसऱ्या कुणाच्या गाडीत जात नाही."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर बारीक खळी पडली... आणि मी, जी हजार घडांतून एक किडका मणी लांबून ओळखते, त्या खळीकडे गरजेपेक्षा दोन सेकंद जास्त बघत राहिले.

मी हर्षाली. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटी बघते. सीझनला माझ्या एका 'नाही'वर अख्खी ट्रॉली परत जाते, त्यामुळे 'नाही' म्हणायची मला सवय आहे आणि ऐकायची अजिबात नाही. साहेबांनी जुने कॉम्प्युटर विकायचे ठरवल्यावर एक मला द्या म्हणून मी सांगून, त्याच्यावर स्टिकरही लावून ठेवलं होतं. साहेब विसरले. स्टिकर विसरलं नाही.

"बरं, तुमचाच," तो म्हणाला. "पण नुसता डबा नेऊन करणार काय? यात डिस्क नाही, रॅम अर्धी. काय चालवायचंय?"

"सर्व्हर. घरी. चोवीस तास चालणारा, आवाज न करणारा, लाइट बिल न वाढवणारा. सगळं मिळून आठ हजारांत."

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं... वाईट नजरेनं नाही, आमच्याकडे नव्या बागेचा पहिला घड बघतात तसं. "शालिमारला दुकान आहे माझं. तळघरात. गोरक्ष म्हणून विचारा. शनिवारी या."

शनिवारी मी गेले. न जायला काय झालं?

सर्व्हर कशासाठी, ते त्याला तिथं सांगितलं. पप्पांचा नांदगावला स्टुडिओ होता. मालन फोटो स्टुडिओ. मालन म्हणजे माझी आई. सव्वीस वर्षं पप्पांनी तालुक्यातली लग्नं, बारशी, सेंडऑफ टिपले. मोबाइल आले, गिऱ्हाईक आटलं, आम्ही स्टुडिओ बंद करून नाशकात सिडकोत आलो. आता ती सव्वीस वर्षं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती... सात हार्ड डिस्क, त्यातल्या दोन टिकटिक करायला लागलेल्या. अजून फोन येतात. परवा सखुबाई म्हणून कुणीतरी रडत होत्या. त्यांच्या मालकांचा एकच चांगला फोटो, तोही पुतण्याच्या लग्नात जेवताना पप्पांनी काढलेला. तो शोधायला पप्पांना चार दिवस लागले.

"एका जागी सगळं हवं," मी म्हणाले. "मागितलं की मिनिटात मिळायला हवं. आणि एक डिस्क गेली तरी फोटो जाता कामा नयेत."

गोरक्षनं मान डोलावली. उगाच ज्ञान पाजळलं नाही, हे मला आवडलं. त्यानं पंखा उघडून पॅकहाऊसची तीन वर्षांची धूळ झटकली, प्रोसेसर थंड ठेवणारी नवी पेस्ट लावली, रॅम वाढवली, दोन सारख्या डिस्क जोडल्या. एकीवर जाईल ते दुसरीवरही जाईल, अशी सोय केली. मग पावती फाडली. तिच्यावर छापलेलं काहीतरी खोडून त्यानं पेनानं लिहिलं... ३० दिवस.

"महिनाभर सलग चाललं पाहिजे. मध्ये बंद पडलं तर मी घरी येणार, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. तीस दिवस भरले की तुम्ही सुटलात, मीही सुटलो."

माझ्या आवाजाचा परिणाम, मला वाटलं. लोक जरा टरकतातच मला.

तो घरी बसवायला आला तेव्हा आईनं आधी मशीनकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. मशीनवर तिचा विश्वास बसला नाही.

"चोवीस तास चालू? बिल कोण भरणार?"

त्यानं प्लगमध्ये छोटा मीटर लावला. "काकू, वाचा आकडा."

"नऊ."

"नऊ वॅट. तुमच्या झिरोच्या बल्बपेक्षाही कमी."

आईचं समाधान झालं, पण पप्पांचं नाही. त्यांचं घोडं आवाजावर अडलं. हार्ड डिस्क लोखंडी कपाटावर ठेवल्यामुळं कपाट गुरगुरत होतं. गोरक्ष रबराचा तुकडा शोधायला लागला. मी आत गेले आणि द्राक्षाच्या पेटीत तळाला घालतात ती फुग्यांची शीट आणली, दुमडून डिस्कखाली सरकवली. गुरगुर थांबली. आम्ही दोघंही कपाटाला कान लावून उभे होतो, त्यामुळे आमचे चेहरे... असो. शांतता चांगली होती.

"हे सुचलं नसतं मला," तो हळूच म्हणाला.

"मला माहितीये."

आईनं चहा विचारला. तो हात जोडून म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या घरी चहा घेत नाही, काकू. एकदा चहा घेतला की काम नातेवाइकाचं होतं."

पहिल्या बुधवारी सर्व्हर बंद पडला. संध्याकाळी येऊन त्यानं चालू केला. खूप तपासलं, काही सापडलं नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा बंद.

"मुद्दाम सैल ठेवलंय ना काहीतरी?" मी दारातच विचारलं. "परत यायला मिळावं म्हणून?"

"मनमाडहून रोज रेल्वेनं अप-डाउन करतो मी. सिडकोला यायची हौस असेल तर वेगळं सांगेन... वायर सैल करणार नाही." त्यानं लॅपटॉप जोडला. "मशीन स्वतःची डायरी लिहितं. लॉग म्हणतात. कधी चालू झालं, कधी बंद पडलं, कशामुळं, सगळं असतं त्यात. मागच्या वेळी मी पार्ट तपासत बसलो, वेळ बघितलीच नाही. हे बघा. दोन्ही बुधवारी, चारच्या सुमाराला, एकदम वीज गेली. कॉलनीत लाइट गेली होती?"

"नाही."

"मग बुधवारी चारला या घरात काय होतं?"

मी आईकडे पाहिलं. आई पिशवीतली मेथी निवडण्यात फार गुंतली होती.

"बुधवारच्या बाजाराला जाते मी," ती शेवटी म्हणाली. "घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची नाय का? आल्यावर लावते की परत. नाय तर ही वायफायसाठी ओरडते."

पंचवीस वर्षं आमच्या घरात लाल दिवा दिसला की आईचं बोट बटणावर जातं, आणि हे मला, तिच्या पोटच्या मुलीला, सुचलं नव्हतं! गोरक्ष मात्र आईला एक शब्द बोलला नाही. त्यानं तिच्या मोबाइलवर सर्व्हरवरचे फोटो उघडून दिले. स्टुडिओच्या उद्घाटनाचा फोटो निघाला. नारळ फोडणारे काळ्याभोर मिशांचे पप्पा आणि शेजारी अबोली रंगाच्या साडीतली आई, पाटीवर स्वतःचं नाव बघून लाजलेली.

"काकू, ते बटण दाबलं की हे सगळं बंद होतं."

आई बराच वेळ बघत राहिली. त्या दिवसापासून त्या बटणाकडे पप्पांनी हात नेला तरी ती खेकसायची. गोरक्षनं मशीनला एक छोटी बॅटरीही लावून दिली, खरोखरची लाइट गेली तर पाच-दहा मिनिटं तरी मशीन चालावं म्हणून.

तिसऱ्यांदा बंद पडलं दसऱ्याला. यावेळी वीज होती. पण आईनं आदल्या संध्याकाळी शिलाई मशीन, पप्पांचा जुना कॅमेरा आणि माझी स्कूटी यांच्याबरोबर सर्व्हरचीही पूजा मांडली होती. हळदकुंकू, आपट्याचं पान आणि झेंडूची चांगली दाट माळ, नेमकी हवा आत जायच्या जाळीवर. रात्रभर बिचाऱ्याला श्वास घेता आला नाही. सकाळी तापून ते स्वतःहून बंद झालं.

गोरक्ष सोनं द्यायला आल्यासारखा आपट्याची पानं घेऊनच आला. माळ काढताना त्याला हसू आवरेना.

"आजवर पंख्यात उंदीर पाहिला, पालीची अंडी पाहिली. देवत्व पहिल्यांदाच पाहतोय."

"आमच्याकडे चांगल्या वस्तूची कदर असते," मी म्हणाले.

"वस्तूचीच?"

मी माळ उचलून आत गेले आणि उगाचच फ्रिज उघडून उभी राहिले.

त्यानंतर मशीन बंद पडायचं नावच घेईना. दिवाळी आली, गेली. पप्पा रोज सकाळी एकेक लग्न उघडून बसायचे, नावं लिहायचे, फोन करून लोकांना फोटो पाठवायचे. कुणी लंकाबाई, कुणी निवृत्तीमामा... घरात पुन्हा नांदगाव भरलं. गोरक्षचे मेसेज यायचे. 'दिवस बारावा, तब्येत कशी आहे?' 'सर्व्हरची की माझी?' 'सर्व्हर आजारी पडला तर मी येऊ शकतो. तुम्ही पडलात तर डॉक्टर बोलवावा लागेल.' मेसेज वाचून मी पॅकहाऊसमध्ये एकटीच हसायचे.

आणि दिवस भरत चालले होते. पंचवीस. सव्वीस. त्याचा शब्द मला माहीत होता. दुकानातलं गिऱ्हाईक मी पाहिलं होतं... काम झालं की तो नमस्कार करतो आणि पुढच्या डब्याकडे वळतो. तीस भरले की मीही एक झालेलं काम. एक फोन करून सरळ सांगता आलं असतं. बागायतदारांच्या तोंडावर 'माल नापास' म्हणणारी मी. पण 'मला तू आवडतोस' हे तीन शब्द ओठांपर्यंत यायचे आणि मागं फिरायचे.

एकोणतिसाव्या दिवशी आई तुळशीच्या लग्नासाठी ऊस आणायला गेली होती. पप्पा खाली पेपर वाचत होते. मी सर्व्हरसमोर उभी राहिले...

फोन केल्यावर गोरक्ष साडेअकराला आला. नेहमीपेक्षा लवकर, आणि शर्टाला इस्त्री होती.

"बंद पडलं?"

"पडलं," मी म्हणाले. "काय माहीत कशानं."

त्यानं चालू केलं, लॅपटॉप जोडला, डायरी उघडली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"वीज गेली नव्हती," तो म्हणाला.

"हो?"

"तापलंही नव्हतं. आधी फोटोंचं काम नीट थांबवलं गेलं. मग डिस्क बंद झाल्या. मग मशीन. दहा वाजून सात मिनिटांनी." तो वळला. "कुणीतरी पासवर्ड टाकून रीतसर बंद केलंय. आणि मशीन बंद करायचा पासवर्ड या जगात एकाच माणसाकडे आहे. मीच सांगितलं होतं, मलाही कळू देऊ नका म्हणून."

खोलीत नऊ वॅटची शांतता होती. मी वळले. पकडलेच गेले होते, तर मान खाली घालून कशाला?

"हो. मी बंद केलं."

"का?"

"उद्या तीस दिवस भरत होते म्हणून. तू आला नसतास म्हणून." तुम्हीचं तू कधी झालं, ते मलाही कळलं नाही. "मला तू आवडतोस, गोरक्ष. सर्व्हर चालला तरी आवडतोस आणि बंद पडला तरी आवडतोस. बंद पडला की जरा जास्त, कारण तू येतोस."

त्याचे कान लाल झाले. तरी बोलण्यातला मिस्कीलपणा जाईना. "मग नुसतं बटण दाबायचं ना. काकूंसारखं. मला कळलंही नसतं."

"आणि त्यात फोटोंचं काही झालं असतं तर?"

तो माझ्याकडे असं बघत राहिला, की मला पहिल्यांदाच कुणीतरी नीट तपासून हिरवं स्टिकर लावल्यासारखं वाटलं.

"यासाठीच," तो हळूच म्हणाला. "यासाठीच आवडतेस तू मला." मग बॅगेतून पावतीपुस्तक काढून त्यानं माझ्यापुढं धरलं. "वाच. छापलेलं वाच."

कोऱ्या पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं... जुन्या मालाला सात दिवसांची गॅरंटी.

"सात?"

"सगळ्यांना सातच. माझ्या सख्ख्या मामालाही सात. तुझ्या पावतीवर पेन धरलं आणि सातात काय होणार, असं वाटलं. तीस लिहून टाकले. उद्या भरले असते तर काय कारण काढावं, याचाच विचार करत होतो काल संध्याकाळपासून."

"मला वाटलं, तू मला घाबरलास!"

"घाबरलो होतोच की. अजून घाबरतो."

मी त्याच्या खिशातलं पेन काढलं, कपाटावरून माझी पावती घेतली आणि तीसवर काट मारली. पुढं काय लिहायचं ते दोघांनाही सुचेना, म्हणून जागा तशीच मोकळी राहिली.

तेवढ्यात जिन्यावर उसाची पानं सळसळली. आई मोळी दाराला टेकवून आत आली. तिनं सर्व्हर पाहिला, गोरक्षच्या शर्टाची इस्त्री पाहिली, माझं तोंड पाहिलं. पदरानं कपाळ पुसत नेहमीचं विचारलं, "काय रे, आज तरी चहा घेशील का?"

गोरक्षनं माझ्याकडे पाहिलं. मग पावतीपुस्तक बॅगेत ठेवून बॅगेची चेन लावली.

"टाका काकू," तो म्हणाला. "साखर जरा जास्त."