चंद्राची पाठ

एकोणसाठची दिवाळी नुकतीच झाली होती. सेलूच्या बाजारात वच्छला वांग्यांचा ढीग लावत होती, आणि वर बघत चालणारा एक लंबूटांग तरुण थेट त्या ढिगातच शिरला.

"डोळे घरी ठेवून आले का?"

"चांद पाहून राह्यलो होतो..." वांगी गोळा करत तो म्हणाला. उन्हं उतरायच्या आतच पूर्वेला अर्धा चंद्र आला होता खरा. "रशियाच्या मशिननं त्याच्या पाठीचा फोटो काढला. आपल्याले ते बाजू कधी दिसतच नाई."

"मशिनीत कोन बसलं होतं?"

"कोनीच नाई! एकटीच गेली. फोटो काढला, तिथंच धुतला, अन् इकडं धाडला."

वच्छलाचे हात थांबले. तिच्या बापाला, महादेवरावांना, वर्ध्याला एकटं धाडलं तर ते निम्मं काम विसरून परत येत. आणि ही बिनमाणसाची मशीन चंद्रामागं जाऊन सांगितलेलं सगळं करून बसली! तिला मनापासून कौतुक वाटलं. सांगणाऱ्याचंही वाटलं... थोडंसं.

त्याचं नाव श्रावण. नालवाडीला त्याचा स्वतःचा भाजीमळा होता. तरी पुढच्या बाजारी तो पुन्हा वांगी घ्यायला हजर!

"घरी वांगी नाई लावली का?"

"लावली ना. पर ती बोलत नाईत."

वच्छलानं मान खाली घातली आणि मापात दोन वांगी जास्तीची टाकली.

तुळशीचं लग्न उरकलं, तसा श्रावण मामीला, कुसुमबाईंना, घेऊन रीतसर पाहायला आला. कुसुमबाईंनी वच्छलाला चालायला लावलं, वेणी सोडायला लावली.

"आता फिर. पाठ पाहू दे."

वच्छला फिरली. मग म्हणाली, "आता याईलेबी फिरू द्या."

महादेवरावांचा पोह्यांचा घास हातातच राहिला. कुसुमबाई पदर सावरून उठल्याच. "असली तोंडाळ पोरगी मी घरात नाई घेनार!"

वच्छलाला वाटलं, हवा असलेला एकच माणूस, तो आपल्याच जिभेनं घालवला...

"बसा मामी," श्रावण म्हणाला. "चांदानं दाखवली, मी काऊन लपवू?"

तो फिरला. सदरा पुढून कडक, आणि पाठीवर हा मोठा करपलेला डाग! तांब्यात निखारे घालून गड्यानं स्वतःच इस्त्री केली होती.

"अरे माह्या देवा!" कुसुमबाई मटकन खाली बसल्या. महादेवरावांना ठसका लागला.

"पाह्यलं?" पाठमोऱ्या श्रावणचे कान लालबुंद झाले होते. "आता नाई म्हनशील..."

"नाई कशी म्हनीन? मले पसंत हाय," वच्छला सगळ्यांदेखत म्हणाली.

पसंती खरं तर वरपक्षानं सांगायची. पण कुसुमबाई पदरात तोंड घालून हसत होत्या, त्यामुळं ते राहूनच गेलं.