दिलेली ओळ

आमच्या घरात भांडणसुद्धा सुरात होतं, असं उदगीरात लोक म्हणतात. खोटं नाही ते! पणजोबांनी तीन भावांना घेऊन शिवभजन सुरू केलं, तेव्हापासून आमच्या घरचे चारच जण गातात. पाचवा घ्यायचा नाही, तिघांवर भागवायचं नाही. आजोबांच्या वेळी चार, आप्पांच्या वेळी चार. पेटी आप्पांची, तबला माझा भाऊ मृत्युंजयचा, टाळ माझे आणि चौथा आवाज आप्पांच्या थोरल्या बहिणीचा, गुरम्मा आत्याचा. आप्पा तिला अक्का म्हणायचे.

आत्याचा पुढचा दात पडलेला. 'सांब' म्हणताना 'सा'वर बारीक शिट्टी वाजायची. आम्ही चेष्टा केली की मुद्दाम दोनदा वाजवायची.

आमच्या भजनाची एक रीत आहे. आप्पा मध्येच कुणाचं तरी नाव घेऊन 'घे' म्हणतात. पुढची ओळ त्यानं एकट्यानं म्हणायची. आप्पांनी 'आण' म्हटलं की परत द्यायची. दिलेली ओळ परत घेतल्याशिवाय उठायचं नाही, हा पणजोबांचा दंडक. मी जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करणारा माणूस, असलं काही मानत नाही. पण रीत ती रीत.

माघात आत्या गेली, लिंगैक्य झाली आणि भजन बंद पडलं. आप्पा पेटीवरची धूळही झटकेनात. मला ते बघवत नव्हतं. वैशाखात माझं लग्न झालं. निलंग्याची मंजुश्री. ती भांडी घासताना गायची तर शेजारचे टीव्ही बारीक करायचे. मी आप्पांच्या मागंच लागलो.

"अक्काच्या जागंवर सून बसवू व्हय?"

"जागा काय संगं घेऊन गेली का आत्या?"

आप्पा बऱ्याच दिवसांनी हसले. "बरं. लातूरला वास्तुशांत हाय, तिथं बघू. न्हाई जमलं तर पेटी मठात देऊन टाकतो."

लातूरचं ते घर नवंकोरं, भिंतींना रंगाचा वास, आतून पुरण शिजल्याचा घमघमाट. मंजू ओळी पुन्हापुन्हा पुटपुटत होती. मी तिच्या कानात म्हणालो, "चुकलीस तर मी टाळ जोरात बडवतो." ती खुदकन हसली.

पहिली दोन भजनं झकास झाली. पोरं पुढं सरकून बसली, बाया डोलायला लागल्या. तिसऱ्याला आप्पा रंगले. डोळे मिटले, मान वर केली आणि जुन्या सवयीनं हाक दिली, "अक्का, घे!"

माझे टाळ थांबले.

मंजूनं ओळ घेतली.

"सांब..." आणि 'सा'वर बारीक शिट्टी वाजली. एकदा. मग मुद्दाम आणखी एकदा.

मंजूचे सगळे दात शाबूत आहेत. आत्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. आत्याचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही.

आप्पांनी डोळे उघडले. हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. पेटी सोडून उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. टाळ्यांचा नुसता कडकडाट! मृत्युंजय पुटपुटला, "आप्पा, 'आण' म्हणायचं राहिलं."

"राहू दे की रे. आजच्या दिवस."

परतताना गाडीत ती उदगीरपर्यंत गात होती. माझ्या अंगावर काटा होता, पण खरं सांगतो, आनंदही लई झाला होता. भजन वाचलं होतं.

सकाळी आप्पा गुणगुणत पेटी पुसत होते. मंजू कणीक मळत होती. निलंग्याहून तिच्या आईचा फोन आला. हात पिठाचे, म्हणून मी स्पीकरवर टाकून फोन तिच्यापुढं धरला.

"हॅलो," ती म्हणाली. "कशी हायस?"

पलीकडून सासूबाई आदरानं म्हणाल्या, "बरी हाय, अक्का. तेवढं आमच्या मंजूला फोन देता का?"

"देते की."

तिनं हात पदराला पुसले आणि एकेका खोलीत डोकावत हाका मारायला लागली, "मंजू! ए मंजू! आईचा फोन आलाय गं!"