मागच्या सीटचा डावा कोपरा

ही गोष्ट खरी आहे. माझे मामा शालिकराम थापा मारणाऱ्यांतले नव्हते, आणि हे त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच सांगितलं.

साल १९८६. मे महिना. नागपुरात, धरमपेठेत मामांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं.

भर दुपारी मार्तंडराव वकील आपली जुनी इंपोर्टेड गाडी घेऊन आले. सत्तरीचे गृहस्थ. हातात एक खोका, मुलाने अमेरिकेहून पाठवलेला.

"शालिकराम, हीटर-एसीच्या या जुन्या दांड्या काढ. हे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बसव. आकडा लावला की गाडी तेवढी गार राहिली पाहिजे. मागेसुद्धा."

मामा तीन दिवस खपले. पुढे लाल आकड्यांची पट्टी बसवली. तापमान टिपणारा मण्याएवढा सेन्सर मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यात लावला. जागा वकिलांनीच दाखवली होती.

चौथ्या दिवशी वकील गाडी न्यायला आले. इंजिन सुरू झालं. मामांनी आकडा चोवीसवर लावला. गार वारा सुटला.

पण पट्टीवरचा आकडा चढत होता...

चौतीस. एकेचाळीस. बावन्न.

मामांनी सेन्सर उजव्या कोपऱ्यात नेला. चोवीस.

परत डाव्या कोपऱ्यात आणला...

बावन्न.

त्यांनी तिथे हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. रेक्झिन तव्यासारखं तापलं होतं. गाडी सावलीत होती. वरून गार वारा येत होता.

आणि अगदी कानाजवळ... कुणीतरी धापा टाकत होतं.

मामा धडपडत बाहेर आले. "साहेब, हे काय होऊन राहिलं? मागं कोण आहे?"

वकिलांनी काचेतून मागच्या सीटकडे पाहिलं.

"लतिका. माझी बायको."

पंधरा वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात, मौद्याहून येताना हीच गाडी बंद पडली. लतिकाबाई तापाने फणफणल्या होत्या. वकील मेकॅनिक शोधायला निघाले. बायकोला बाहेरची तापलेली लू लागू नये म्हणून जाताना चारही काचा वर चढवून गेले.

परत यायला तीन तास लागले.

"मीच चढवल्या," वकील म्हणाले. "तिचं अंग अजून तापतंच आहे रे."

"साहेब, मी हात जोडतो. इकून टाका ही गाडी."

"म्हणजे पुन्हा रस्त्यात सोडू तिला?"



वकील मागे जाऊन बसले. रिकाम्या कोपऱ्याकडे वळून हलकेच म्हणाले, "लतिका, आता बरं वाटतंय का?"

मामांनी पट्टीकडे पाहिलं.

चौपन्न...

डिसेंबरात वकील गेले. घरच्या गॅरेजमध्ये, त्याच गाडीत, मागच्या सीटवर उजवीकडे सापडले. त्या सकाळी नागपूर थंडीने कुडकुडत होतं. त्यांचा सदरा मात्र घामाने चिंब होता. ओठ फुटले होते. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. डिसेंबरात उष्माघात कोण लिहिणार?

तेराव्यानंतर मुलाने कंट्रोल काढायला मामांना बोलावलं. गाडीची बॅटरी पार उतरली होती. पट्टी काळी पडली होती.

मामांनी डाव्या कोपऱ्यावर हात ठेवला. तापलेला.

मग उजव्या...

तोही.

"बिचाऱ्यानं एवढं केलं गा," मामा मला म्हणाले, "तिले थंडावा भेटलाच नाही. अन् आता धापा दोघांच्या ऐकू येत होत्या."

काम अर्धवट टाकून ते निघून आले. मुलाने गाडी विकून टाकली. कुणाला, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

ती अजून कुठे चालत असेल, तर मागच्या सीटवर कुणाची तरी लेकरं बसत असतील... दर मे महिन्यात माझ्या मनात हेच येतं.