श्यामलाताईंची स्लाइड

सकाळी साडेआठला कर्वेनगरच्या त्या लॅबमध्ये उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग लागते आणि चहावाचून सगळ्यांचीच डोकी तापलेली असतात. पण दिग्विजय आला तो भांडायलाच. मूळचा अमरावतीचा, हिंजवडीत नोकरी, वय एकतीस, दर रविवारी सिंहगड चढणारा गडी. हातातला रिपोर्ट त्याने रक्त काढणाऱ्या श्यामलाताईंसमोर काउंटरवर आपटला.

"नागपुरात सहा हजार आठशे आल्या! अन् तुमच्याकडं तीन वर्षांपासून एकोणतीसशे. पांढऱ्या पेशी कमी म्हणून माह्या कमरेच्या हाडात सुई खुपसली मॅडम, काहीच निघालं नाही. कोण देणार याचा जबाब?"

आतून डॉक्टर केयूर आले. लॅब वडिलांकडून मिळालेली, पदवी नवी कोरी. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "श्यामलाताई, असे अजून अकरा आहेत. सगळे धडधाकट, सगळ्यांचं रक्त तुम्हीच काढलेलं. उद्यापासून आपण काउंटरवर बसा. पावत्या फाडायला हात स्थिर लागत नाही."

श्यामलाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं! एक दिवस आजारपणाची रजा नाही, कधी साधी सर्दी नाही. याचे वडील त्यांच्या स्लाइड कॉलेजात शिकवायला न्यायचे, आणि हा कालचा पोरगा त्यांच्या हातात खोट काढतोय!

"बसेन काउंटरवर," त्या म्हणाल्या. "आधी चूक दाखवा. आत्ता, या मुलासमोर."

त्यांनी दिग्विजयला आत नेलं, दंडाला पट्टा आवळला. "घाबरू नकोस. पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदार. परकं काही दिसलं की त्याच्या अंगावर धावतात." हे वाक्य त्या प्रत्येकाला सांगायच्या. आज ते दातओठ खाऊन आलं.

मशीनने एकोणतीसशेच दाखवलं. मग त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेने झर्रकन ओढून पातळ पसरवला, वाळवला, जांभळ्या रंगात बुडवून धुतला. केयूरने मायक्रोस्कोपला डोळे लावले आणि लगेच हसला.

"हे काय! सगळ्या पांढऱ्या पेशी एका कडेला. स्लाइड वेडीवाकडी ओढली की असंच होतं. पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील."

"मग तुम्ही ओढा ना, पोरांपेक्षा मोठे आहात."

केयूरने ओढली. पेशी पुन्हा एका कडेला. त्याच कडेला, श्यामलाताई उभ्या होत्या त्या बाजूच्या.

त्याने स्लाइड उलट फिरवून लावली. पेशी पुन्हा ताईंच्याच बाजूला. मग परत फिरवली.

वाळलेल्या, रंगवलेल्या रक्तातलं काही हलत नसतं.

"ताई, जरा खिडकीपाशी या."

त्या गेल्या. केयूर पाहत होता.

"आता दाराशी."

दिग्विजय दंडावरचा कापूस दाबून भिंतीला टेकला. त्याच्या अंगावर काटा आला होता, आणि कशाने ते त्याला कळत नव्हतं.

"काय कवायत लावलीये ही?" श्यामलाताई कडाडल्या. "घ्या, माझंच बघा!"

त्यांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. थेंब घेतला, ओढला, रंगवला. त्यात दहा मिनिटं गेली. बाहेर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली.

केयूरने पाहिलं. डोकं वर केलं नाही.

"बोला की! हात चुकलाय माझा?"

"नाही," तो म्हणाला. "स्लाइड उत्तम आहे."

त्याला बाजूला सारून श्यामलाताईंनी स्वतः डोळे लावले. लाल पेशी काठापासून काठापर्यंत सारख्या पसरलेल्या. सव्वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी एकेक ओळ तपासली, शेवटापर्यंत.

पांढरी एकही नव्हती.

त्यांनी मान वर केली. केयूर पार भिंतीला जाऊन चिकटला होता.

श्यामलाताईंनी नवे हातमोजे चढवले आणि दार उघडलं.

"ऐका सगळ्यांनी, स्लाइड उत्तम आहे," त्या रांगेला म्हणाल्या. "चला, पुढचं कोण? बाही वर करा."