चोविसावा घास

मिरजेच्या त्या अवयववाटिकेत डॉ. यामिनी खरात यांचा आता कुणावरही विश्वास उरला नव्हता. अंधारकपाटात ओळीनं काळ्या काचेच्या चोवीस बरण्या होत्या आणि प्रत्येकीत एकेका रुग्णाच्याच पेशींपासून मूत्रपिंड वाढत होतं. दर तासाला यंत्रहस्त बरणीत पोषकरसाचा एकेक थेंब सोडायचा. तेवीस बरण्यांनी छान बाळसं धरलं होतं. पहिल्या जागेवरची, यामिनींच्या धाकट्या बहिणीची, रेणूची बरणी मात्र तिसऱ्यांदा सुकली होती. चौथ्यांदा पेशी रुजवण्याइतका वेळ रेणूकडे नव्हता.

संशय गुरवकाकांवर होता. कपाटाची किल्ली या जुन्या तंत्रज्ञाकडेच असायची. शिवाय "बाई, घरच्या माणसाला मानाची पयली जागा देऊ नये," असं त्यांनी तोंडावर सुनावलं होतं. सुकलेली बरणी सोमवारी ओळीच्या शेवटी, चोविसाव्या जागेपलीकडं सरकवायची आणि शनिवारी नष्ट करायची, हे कामही त्यांचंच. या शनिवारी तर नोंदवहीत त्यांची सहीच नव्हती.

"तासाला चोवीस थेंब संपतात, मोजून चोवीस," यामिनी आज्ञावली लिहिणाऱ्या फरीदा मुजावरला म्हणाल्या. "मग माझ्या बहिणीचा घास गिळतंय कोण?"

फरीदानं नव्या यंत्रहस्ताची आज्ञावली उघडली आणि कपाळावर हात मारला. "मॅडम, पंगतीत वाढपी आधी वाढतो, मग पुढं सरकतो. इथं आकडा वाढवायची खूण चुकीच्या बाजूला पडलीय. प्रत्येक फेऱ्यात हा आधी एक घर पुढं सरकतो, मग वाढतो. पहिलं पान कोरडंच राहतं."

"आणि चोविसावा घास?"

"शेवटच्या पानाच्या पलीकडं."

यामिनी ताडकन उठल्या. कपाटाशी गुरवकाका खाली मान घालून उभे होते.

"काका, शनिवारची बरणी कुठंय?"

"चुकलो बाई. तिसऱ्यांदा टाकायला हात धजला न्हाई. तिथंच हाय."

यामिनींनी ओळीच्या शेवटच्या बरणीचं झाकण काढलं. मंद लाल दिव्यात रेणूचं मूत्रपिंड टवटवीत दिसत होतं. यामिनींना रडूच फुटलं. इतके दिवस ज्यांना चोर ठरवलं, त्या काकांपुढे त्यांनी हात जोडले.

काका मात्र हसले नाहीत. "बाई, मग आधीच्या दोन?"

त्याही सोमवार ते शनिवार याच जागी होत्या. यामिनींनी नोंदवहीची मागची पानं उलटली. दोन्ही वेळा काकांनी लिहिलं होतं, 'टाकण्याआधी एकदा उघडून बघावी का?' आणि खाली यामिनींच्याच अक्षरात शेरा होता: 'गरज नाही.'